महादेवाच्या वळूची लेक

गाय भरवायला पंकजनं जास्त दुधाच्या जर्सी वळूच्या रेतनाची कांडी मागवली होती. डॉक्टर जिंतूरहून निघेपर्यंत महादेवाच्या नावानं सोडलेल्या लाल कंधारी वळूनं कुंपण मोडलं आणि डॉक्टरचं काम फुकटात उरकून टाकलं. गाव पोट धरून हसलं. पंकज मात्र घरच्या सोयरिकीत घोळ झाल्यासारखा तोंड पाडून बसला.

दिवस भरले, तांबडी कालवड झाली. पंकजच्या आईनं, बसम्मानं, तिला लाली म्हटलं. पंकज नावच घेईना.

"दूध काय देणार ही? पोळा झाला की देऊन टाकू व्यापाऱ्याला."

"आरं, आत्ता तर जन्मली. दम धर की जरा."

बसम्माला दुधाचं पडलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात याच गाईचं गोजिरवाणं जर्सी वासरू गोचिडाच्या तापानं गेलं, तेव्हा एवढा दांडगा पंकज गोठ्यात तोंड लपवून रडला होता. तसं पुन्हा बघायची तिची छाती नव्हती. माहेरी, पालमकडे, कंधारीच्या अंगावर गोचीड टिकत नाही हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून लाली घरात राहायला हवी होती.

डॉक्टर म्हणाले होते, "गुण रक्तातलाच आहे, मावशी. पण निम्मं रक्त जर्सी आईचं. हिनं कुणाचं उचललं, ते पावसाळ्यातच कळेल."

पाऊस लागला. गोठा धुतला, औषध फवारलं, तरी गाईच्या कानांत, कासेभोवती गोचीड भरलेच. पंकज रोज मिठाच्या पाण्याचं डबडं घेऊन वेचत बसे. शेजारच्या लालीकडे ढुंकूनही बघत नसे. बसम्मा गप्प राहिली. आपण काही बोललो तर हा हट्टानं उद्याच विकून मोकळा होईल, हे ती ओळखून होती.

पोळा झाला. व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

संध्याकाळी ती सहज म्हणाली, "लालीचे गोचीड वेचून तरी दे. दिसले तर भाव पाडतोय त्यो."

पंकज वाकला. एक कान उलटा केला, मग दुसरा. शेपटीखाली, मांड्यांत बोटं फिरवली. एकच गोचीड सापडला, तोही वाळून गेलेला. त्यानं पाठीवर बोट टेकवलं. लालीनं कातडी अशी थरकवली की बोट उडालंच. त्यानं पुन्हा टेकवलं, तिनं पुन्हा उडवलं. पंकजला हसू फुटलं. किती दिवसांनी हसला होता तो!

"माय, हिच्या अंगावर तर बोटबी टिकंना!"

मग कालवडीच्या गळ्यात हात टाकून त्यानं व्यापाऱ्याला फोन लावला.

"उद्या येऊ नका, मामा. लाली न्हाई विकायची आमाला."

नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. बसम्माचे डोळे भरून आले. तिनं डबडं उचललं आणि गाईचे गोचीड वेचायला बसली.