डावीकडे कलणारी गाठ

सामरवरणीच्या रस्त्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, आणि तिथपासून अथालपर्यंत कुणालाही विचारा, नवनाथच्या हातची गाडी त्याच कामासाठी परत आलेली कुणी पाहिली नाही. ही बढाई असेल तर असू दे, मी ती कमावलेली आहे. शिरपूरहून सिल्वासाला आलो तो धाग्याच्या कंपनीत, आणि चालत्या मशीनवर तुटलेला धागा जोडायचं काम नऊ वर्षं केलं. मशीनने डाव्या अंगठ्याचं टोक नेलं तेव्हापासून माझी गाठ डावीकडे कलते. शंभर गाठींतून माझी कोणती, हे कंपनीतला कुणीही सांगायचा. खोली भाड्याची, दुकान भाड्याचं. माझं म्हणून दाखवावं असं या गावात ती गाठ तेवढी आहे.

परवा दुपारी शाळेतल्या सुलभा मॅडम टोचन लावून गाडी घेऊन आल्या. गाडी त्यांच्या भावाची, चिपळूणची, रविवारीच पहिल्यांदा इकडे आलेली. जुनी किल्ली अडकायला लागली म्हणून भावाने तिथेच लॉक आणि किल्ली नवी बसवून घेतली होती. आता किल्ली फिरे, इंजिन दोन सेकंद चालून बंद पडे आणि समोर लाल दिवा लुकलुकत राही.

"टेन्शन नका घेऊ, मॅडम. लॉक नवं, पण गाडी जुन्या किल्लीतली चिपच ओळखते. ती आत कुठंतरी बांधली असंल, सरकली असंल. दहा मिनिटांचं काम."

स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. लॉकभोवतीच्या, चिप ओळखणाऱ्या कड्यापासून चिप बोटभर खाली घसरली होती. बाकीचे मेकॅनिक टेप लावतात आणि उन्हाने ती सुटते. मी कंपनीचा पांढरा धागा वापरतो, सात फेरे. इथेही पांढरा धागा होता. मी फेरे मोजले, सात. धागा ताणून सैल पडला होता, पण गाठ शाबूत होती आणि डावीकडे कलली होती.

चिपळूण मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. काम चांगलं केलंय."

खरोखरच चांगलं होतं. भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटला तो अभिमान, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही. मी जुना धागा कापून गाठीसकट डॅशबोर्डवर ठेवला, चिप कड्याशी टेकवली, सात फेरे घेतले आणि गाठ मारली.

ती उजवीकडे कलली.

सोडली, पुन्हा मारली, या वेळी सावकाश, अंगठ्याकडे बघत. टोक नसलेला तोच अंगठा होता. गाठ पुन्हा उजवीकडेच गेली. किल्ली फिरवली तर गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि दिवा विझला.

मॅडम खूश झाल्या. डॅशबोर्डवरची गाठ उचलून म्हणाल्या, "भाऊ सांगत होता, बांधणारा मोठ्या ऐटीत म्हणाला, माझी गाठ कधी सुटत नाही. ओळखता का तुम्ही त्याला?"

"ती माझी गाठ आहे," मी म्हणालो. ती दुसऱ्याची आहे असं माझ्या तोंडून निघालंच नसतं.

त्यांनी हातातल्या गाठीकडे पाहिलं, मग वाकून स्टिअरिंगखाली पाहिलं.

"मग ही कोणाची?"