तीनदा चाळलेले खत

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी. सध्या माझ्या पोटात टाचण्या, रबरबँड आणि एक मोडके पेन आहे. मी एका सरकारी कार्यालयातल्या टेबलावर असते आणि येणारेजाणारे माझ्यात बिनदिक्कत बोटे घालतात. एके काळी माझ्या पोटात एका अख्ख्या रोपवाटिकेची आशा होती, असे मी सांगितले तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. पण ऐकून घ्या.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक काचेचा रस साच्यात ओतला गेला आणि निवता निवता मी बरणी झाले. अंगात एक बुडबुडा राहिला म्हणून मला चांगल्या मालातून बाजूला काढले आणि स्वस्तात विकले. मला घरी नेणाऱ्या बाईला दोन मुली होत्या. तिने माझ्यात साखर भरली आणि मला वरच्या फळीवर ठेवले. माझे झाकण इतके घट्ट बसायचे की ती कौतुकाने म्हणायची, "गुणाची बरणी आहे गं ही. मुंगीची काय बिशाद आत शिरायची!" ते कौतुक ऐकून मी फुगून जात असे.

मुंगी शिरत नसली तरी धाकटी शिरत होती. स्टुलावर चढून, थुंकी लावलेले बोट ती साखरेत बुडवायची. मग थोरली गुपचूप येऊन माझ्या काठावरचे चिकट बोटांचे ठसे पुसून टाकायची, आईला कळू नये म्हणून. त्या दोघींचे असेच होते. सांडायचे धाकटीने आणि निस्तरायचे ताईने.

पुढे ताईचे लग्न झाले आणि ती नदीपलीकडे गेली. आमच्या गावची नदी मोठी विचित्र आहे. पलीकडे घरांचे दिवे दिसतात, वारा सरळ असेल तर कुत्र्यांचे भुंकणेही ऐकू येते, पण तो देश मात्र दुसरा. ताईने तिकडे रोपवाटिका काढली. धाकटी इकडेच संसाराला लागली आणि आईच्या माघारी मी तिच्या घरी आले. घरामागच्या जागेत तिने गांडुळे पाळली. हौदात पाला, शेण आणि भाजीचा कचरा, वरून ओले गोणपाट. गांडुळे ते खात आणि त्याचे काळेभोर, भुसभुशीत खत होई. गल्लीत तिचे नावच खतवाली पडले. सुरुवातीला नाके मुरडणारे शेजारी पुढे कुंड्या घेऊन दारात उभे राहू लागले.

आणि मग एका वादळात समुद्र नदीच्या मुखातून आत घुसला आणि पलीकडच्या सखल जमिनींत पसरून बसला. पाणी ओसरले, मीठ राहिले. त्या दिवशी खतवालीने फोन माझ्या शेजारीच टेकवून ठेवला होता, म्हणून ताईचा आवाज मी ऐकला.

"मुळं काळी पडतायत गं सगळी. जागेचा मालक म्हणतो, लागवडीच्या हंगामापर्यंत बघतो, नाहीतर जागा खाली करा. तुझं खत मिळालं तर निम्मी रोपं तरी वाचतील."

"मिळालं तर काय? पाठवतेच," खतवाली म्हणाली.

पण गोणीभर खत नदीपार न्यायचे म्हणजे ती निर्यात आणि निर्यातीला सरकारची परवानगी लागते. अर्जासोबत खताचा नमुना हवा होता, स्वच्छ काचेच्या बरणीत. खतवालीने माझ्यातली साखर काढली, मला गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवले आणि खत चाळायला बसली. एकदा मोठ्या चाळणीने, मग धान्याच्या चाळणीने. तेवढे पुरे होते. पण तिने तिसऱ्यांदा चक्क मैद्याची चाळणी घेतली. पाल्याची शीर नाही, काडी नाही, अर्धवट कुजलेला देठ नाही. उरली ती काळीशार भुकटी.

तिचा नवरा दारात उभा राहून बघत होता. "अगं, खत पाठवतेस की काजळ? अति तिथं माती म्हणतात!"

"ताईच्या नावानं जातंय ते," ती चाळणी न थांबवता म्हणाली. "साहेबांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे."

कार्यालयात तिची गाठ आधी कारकुनाशी पडली. प्रत्येकाला "उद्या या" म्हणतो म्हणून लोक त्याला उद्याराव म्हणत आणि तो त्या नावाला ओसुद्धा देत असे. त्याने माझे झाकण घट्ट दाबले, कडेने लाख वितळवून ओतली आणि वर शिक्का उमटवला. आईच्या घरी मुंगी शिरत नव्हती, आता वाराही शिरेनासा झाला. खतवाली घाबरत म्हणाली, "दादा, याला थोडी हवा लागते. जिवंत असतं ते."

"सीलबंद नमुना म्हणजे सीलबंद," उद्याराव म्हणाला. "आठवड्याचा तर प्रश्न आहे."

साहेबांनी मला उचलून खिडकीच्या उजेडात धरले. साहेब वाईट नव्हते हो. पण त्यांच्या आजवरच्या नोकरीत खत म्हणजे कारखान्यातले पांढरे दाणेदार खत. काळे, मऊ, पिठासारखे खत त्यांच्या टेबलावर कधी आलेच नव्हते. त्यात एखादी काडी, एखादे कुजके पान दिसले असते तरी त्यांनी विचारले असते. मैद्याच्या चाळणीने तेवढेही शिल्लक ठेवले नव्हते.

"ही तर माती आहे," साहेब म्हणाले.

"खत आहे साहेब. गांडूळखत. झाकण उघडून नुसता वास घ्या."

"सील तोडता येत नाही. आणि माती देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, माहीत आहे ना?"

बंदी खरी होती आणि तिला कारणही होते. मातीबरोबर कीड जाते, रोग जातात. पण मी माती नव्हते ना पोटात घेऊन बसले! मला ओरडून सांगावेसे वाटत होते. बरणीला तोंड असते, पण ते बोलण्यासाठी नसते. साहेबांनी शेरा मारला, "माती असल्याचा संशय. तपासणी व्हावी." आणि आमचे घोडे तिथेच अडले.

खताच्या प्रयोगशाळेने सांगितले, शेऱ्यात माती लिहिली आहे, तर मातीच्या विभागाकडे जा. मातीचा विभाग म्हणाला, अर्जावर खत लिहिले आहे, आमचा संबंध नाही. मी कागदांबरोबर इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले आणि शेवटी कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्याने केली त्याने बहुधा माझ्यासारखीच एखादी बरणी पाहिली असावी.

खतवाली येत राहिली. तिच्या चपला झिजल्या, उद्यारावाचा उद्या काही उजाडला नाही. एकदा ती दुसऱ्या डब्यात जाडेभरडे, काडीकचऱ्यासकट खत घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, हे बघा तरी. यात पानंसुद्धा दिसतायत."

"बाई, नवा नमुना म्हणजे नवा अर्ज, आणि नवा अर्ज म्हणजे रांगेच्या शेवटी. कशाला हातातलं घालवता?" उद्याराव खरोखरच तिच्या भल्यासाठी सांगत होता. ती डबा घेऊन परत गेली. जाण्याआधी तिने वर माझ्याकडे पाहिले. माझ्यावर ऊन येत होते. ते उद्यारावाच्या लक्षात आले आणि त्याने मला सावलीत सरकवले.

त्याचा हात मायेचा होता, पण उपयोग नव्हता. कारण मित्रांनो, माझ्या पोटात काय चालले होते ते मला एकटीलाच कळत होते. त्या खतात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव होते. तेच जमिनीत जाऊन मुळांना आधार देणार होते. त्यांना थोडी हवा हवी होती, थोडा ओलावा हवा होता. माझ्याकडे दोन्ही नव्हते. आधी आतली हवा संपली, मग होती ती थोडकी ओल आटली, मग वास गेला, मग हळूहळू आतली सगळी चळवळ थांबली. मला आईची आठवण झाली. घट्ट झाकणाची बरणी गुणाची असते असे तिला वाटायचे. मला माझ्या गुणाचा इतका राग कधी आला नव्हता.

एका दुपारी कार्यालयाच्या बाकावर बसून खतवालीने ताईला फोन लावला. माझे कपाट बाकाच्या अगदी मागेच होते, म्हणून ताईचेही बोलणे मला ऐकू आले.

"निम्म्याहून जास्त गेली गं," ताई म्हणत होती. "काल मालक येऊन जागा मोजून गेला."

"आता नुसती सही राहिलीय, ताई. या आठवड्यात होतेच," खतवाली म्हणाली. खरे तर काम सहीपर्यंत गेलेच नव्हते, कारण तपासणीच झाली नव्हती. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ पदराचे टोक पिळत बसून राहिली.

अखेर कुणीतरी मोठ्या साहेबाने प्रलंबित कागदांवरून सगळ्यांना फैलावर घेतले आणि मी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी लाख फोडली, झाकण उघडले, चिमूटभर खत पाण्यात घातले, काचेच्या पट्टीवर घेतले, यंत्राखाली धरले. त्यांनी आपले काम चोख केले आणि जे दिसले तेच लिहिले. नमुन्यात जिवंत काही नाही, ओलावा नाही, खताचे गुणधर्म आढळत नाहीत.

साहेबांनी अहवाल खतवालीपुढे सरकवला. आवाजात तोरा नव्हता, उलट सुटकाच होती. "बघा बाई, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

खतवालीने अहवाल वाचला. मग ती अगदी हळू म्हणाली, "आणलं तेव्हा खत होतं, साहेब. माती इथं झाली."

साहेबांनी कागदावर परवानगी नाकारल्याची सही केली. उद्यारावाने त्या दिवशी कुणालाच उद्या या म्हटले नाही.

लागवडीचा हंगाम उलटल्यावर ताई नदी ओलांडून आली. रोपवाटिका गेली होती. मालकाने जागा ताब्यात घेऊन तिथे विटा रचल्या होत्या. आईची बरणी तरी परत मिळावी म्हणून दोघी बहिणी कार्यालयात आल्या. लहानपणी माझे काठ पुसणारे ताईचे हात आता मिठाने फुटले होते, बोटांच्या भेगा काळ्या पडल्या होत्या. तिने मला उघडले आणि थोडी भुकटी तळव्यावर घेऊन वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"मीच फार चाळलं गं," धाकटी म्हणाली आणि तिथेच, सगळ्या लोकांसमोर, रडू लागली. "जाडंभरडं आणलं असतं तर त्यांना कळलं असतं. मला वाटलं, चांगलं दिसावं."

ताईने तळवा झटकला. तिने धाकटीचे डोळे पुसले, टेबलावर सांडलेली भुकटी हाताच्या कडेने गोळा केली आणि परत माझ्यात भरली. "चल," ती म्हणाली. "आता राहायला तुझ्याकडेच येतेय मी. खत करू दोघी मिळून."

पण मला त्यांच्याबरोबर जाता आले नाही. सरकारजमा झालेला नमुना परत देता येत नाही, असा नियम निघाला. त्या गेल्यावर शिपायाने माझ्यातली माती कचऱ्याच्या टोपलीत रिकामी केली आणि मला धुऊन टाचण्यांसाठी ठेवून दिले. तेव्हापासून मी इथे आहे.

मित्रांनो, तुम्हाला एकच सांगायचे आहे. तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्यातला कुणीतरी या खुर्चीवर नक्की बसेल. कुणाचा नमुना, कुणाचा अर्ज, कुणाचा जीव तुमच्या टेबलावर येईल. तो नुसता उजेडात धरून बघू नका. झाकण उघडा, हातात घ्या, आणणाऱ्याला विचारा. नियम पाळा, पण ज्याला वेळेची गरज आहे त्याला वेळेवर उत्तर द्या, मग ते नाही असले तरी चालेल.

हे मी आज का सांगते आहे? कारण कालच कपाटाच्या डोक्यावर एक नवी बरणी आली आहे. तिच्यावर लाखेचे सील आहे. कुणाची आहे, कुठे जायची आहे, मला ठाऊक नाही. पण तिच्या काचेला आतून बारीक वाफ धरली आहे. म्हणजे तिच्यात अजून जीव आहे.