उजव्या डोळ्यातली नवी वाहिनी

मित्रांनो, मी एक नवी रक्तवाहिनी आहे आणि माझा जन्म केवळ परोपकारासाठी झाला. माझ्या परोपकारानं माणूस आंधळा होतो, ही गोष्ट निराळी.

माझं घर म्हणजे फत्तेसिंगरावांचा उजवा डोळा. शिवाजीनगरच्या बाजारात ते घड्याळं दुरुस्त करतात. याच डोळ्याला भिंग लावून त्यांनी चाळीस वर्षं तिळाएवढे स्क्रू फिरवले आणि घर चालवलं. त्यातली चौदा वर्षं त्यांना मधुमेह आहे. साखरेनं डोळ्याच्या पडद्यावरच्या जुन्या बारीक वाहिन्या एकेक करून बंद पाडल्या. त्याचा कुठे बोभाटा झाला नाही.

पेशीत एक प्रथिन सतत तयार होतं आणि प्राणवायू मिळत असला की लगेच मोडलं जातं. वाहिन्या बंद पडल्या, प्राणवायू तुटला आणि ते मोडायचं राहून गेलं. मग त्यानं पेशीच्या केंद्रात जाऊन एक जनुक चालू केलं. त्या जनुकाच्या हुकमानं व्हीईजीएफ नावाचे रेणू बाहेर पडले. 'रक्त पाठवा', एवढाच त्यांचा निरोप. शेजारच्या धडधाकट वाहिनीच्या पेशींवर ते जाऊन बसले. तिथल्या एका पेशीनं बोटांसारखे धागे काढले, भोवतालचं अस्तर विरघळवलं आणि ती निघाली. निघताना डेल्टा नावाच्या प्रथिनानं शेजारणींना बजावलं, की पुढारी एकच, तुम्ही मागून या. त्या मागून आल्या, वाढत गेल्या, आतून पोकळ झाल्या. ती पोकळी म्हणजे मी.

चांगल्या वाहिनीला आधार देणाऱ्या पेशी बाहेरून वेढून बसतात. माझ्या वाट्याच्या पेशी साखरेनं आधीच मारल्या होत्या. त्यामुळे मी पाझरते. पडद्यात राहायचं सोडून मी डोळ्यातल्या पारदर्शक गरात शिरले. कुणी अडवलं नाही.

आणि फत्तेसिंगरावांना तर स्वच्छ दिसत होतं. चष्म्याच्या दुकानातला पद्मनाभ म्हणाला, "नंबर तोच आहे, अण्णा. तुमचे डोळे फर्स्ट क्लास."

"ऐकलंस?" ते मुलीला म्हणाले.

"अप्पा, अक्षरं वाचणं वेगळं आणि मागचा पडदा तपासणं वेगळं," हर्षिता म्हणाली. "थेंब घालून बघावं लागतं."

"थेंब घातले की दिवसभर धूसर. मग घड्याळं तू उघडणार काय? स्वल्प थांब गं. खंडेनवमीला हत्यारांना हात लावायचा नाही, तेव्हा जाऊ."

खंडेनवमीला दोघं गेले. दवाखान्याला कुलूप. काचेतून पडद्याचा फोटो काढणारं यंत्र दिसत होतं. त्याला झेंडूचा हार होता आणि कुंकू लावलेलं होतं.

"बघ, त्याचीही पूजा!" फत्तेसिंगराव खुशीत म्हणाले. "सरी, ठीक आहे, आता दिवाळी झाल्यावर."

वयानं डोळ्यातला गर आकसतो. तो आकसला, त्यानं मला ओढलं आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी मी फुटले.

त्या सकाळी फत्तेसिंगरावांना एका घड्याळात केस दिसला. त्यांनी फुंकणीनं हवा मारली. केस हलला, गेला नाही. चिमट्यानं धरायला गेले, तर बाजूला सरकला. "कुणाचा रे बाबा हा, जाता जात नाही!" म्हणत त्यांनी दुसरं घड्याळ उघडलं. त्यातही तोच केस. तेव्हा त्यांनी चिमटा खाली ठेवला. दुपारपर्यंत केसाचा धूर झाला आणि त्या डोळ्याला समोर उभी असलेली हर्षिता दिसेना.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात इंजेक्शन दिलं. ते औषध व्हीईजीएफला वाटेतच धरतं. निरोप येईनासा झाला, तशी मी वाळत चालले आहे. सांडलेलं रक्त मात्र अजून तिथंच आहे. ते निवळेल का, हे बाईंनी सांगितलं नाही.

मित्रांनो, मला बोलावणं आलं म्हणून मी आले. तुम्ही ते पाठवू नका. साखर सांभाळा आणि नीट दिसत असतानाच वर्षातून एकदा पडदा दाखवून घ्या. दिसेनासं झाल्यावर काय, सगळेच जातात.

बाई डाव्या डोळ्यात थेंब घालायला आल्या, तेव्हा फत्तेसिंगराव म्हणाले, "तो राहू द्या मॅडम. त्यानं स्वच्छ दिसतं."

डावा डोळा तपासायचा राहिला आहे.