सहा, परत सहा

बाबा गेले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आईला वजन आहे. अर्धांगवायूनंतर चार वर्षं ते तिला पलंगावरून खुर्चीत ठेवत होते, टेबलावरचा चष्मा उचलून ठेवावा तसे. बाबा बाइंडर होते. पुस्तकांचे गठ्ठे उचलून घडलेले हात. मी ग्रंथालयात काम करते, माझ्या हातांना एका वेळी एकच पुस्तक माहीत.

पंधरा दिवसांत ती माझ्या हातून निसटली. लागलं नाही. पण शेजारच्या काकांना बोलवावं लागलं, आणि ते गेल्यावर आई गाऊन सारखा करून भिंतीकडे तोंड करून पडली.

"तुझ्याच्यानं व्हायचं नाही," दादा फोनवर म्हणाला. "तीन महिने बघू, नाहीतर शुश्रूषा केंद्रात ठेवू. तिथे माणसं असतात."

"मग इथे कोण आहे?"

"काडी," तो म्हणाला. घरात मला तेच म्हणतात.

आईला व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंनी माझे दंड चाचपले. "जोर काढा. आधी भिंतीवर."

भिंतीवर पंधरा जमायला तीन आठवडे गेले. मग ओट्याच्या कडेवर, मग खुर्चीच्या बैठकीवर, मग गुडघे टेकून जमिनीवर. कामावरून आले की साडी सोडायचाही कंटाळा यायचा, तरी फरशीवर आडवी व्हायचे. तिथून पलंगाखालच्या बाबांच्या चपला दिसत. काढून टाकायच्या राहिल्या होत्या. दम खाताना मी त्यांच्याकडे बघत राही.

आई कुशीवर पडून मोजायची, चांगला हात चादरीखाली. आजारानंतर तिचे शब्द अडखळत.

"चार. पाच. सहा." मग थांबून, "सहा."

"आई, सात."

"सहा. तोंड नको चालवूस, हात चालव."

आकडेही गेले की काय तिचे, असं मनात आलं. वाद घालायचं त्राण नव्हतं. पुढचेही एक-दोन आकडे ती असेच दोनदा म्हणे; तिच्या हिशेबाने दहा व्हायला मला तेरा काढावे लागत. एका रविवारी गुडघे न टेकता चार निघाले. मला आनंद झाला असावा, पण आधी झोप आली.

तीन महिने भरले तसा दादा आला. केंद्राचा फॉर्म खिशात, वर डोकावत होता. "उचल बघू," म्हणाला.

आईला मी कडेला बसवलं, काखेत हात घातले, गुडघे वाकवले. ती इतकी भसकन वर आली की आमची कपाळं आपटली.

"आई! खातेस की नाही नीट?"

ती खुर्चीत बसून धापा टाकत होती. गादीवर तिच्या उजव्या पंजाचा खोल खळगा उमटला होता. तिनेही खालून रेटलं होतं.

"तू एकटीच... काढत होतीस काय?" ती म्हणाली.

"म्हणजे ते दोनदा सहा..."

"तुझा झालेला असायचा. माझा व्हायचा असायचा."

दादाने गादीवरचा खळगा तळव्याने सपाट केला. मग फॉर्म खिशात आत सरकवला. "दिवसातून किती वेळा उचलतेस हिला?"

"सहा."

"आईच्या सहा की खऱ्या?"

मी हसले नाही. गादीच्या कडेला टेकले. "संध्याकाळचं तू कर," मी म्हटलं. "मला जरा पडू दे."

आईने त्याच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. "याला आधी भिंत दाखव," ती म्हणाली.