उडवलेला धागा

"टाचणी नक्की येणार आहे ना?" कोणीतरी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा अस्तरच्या हातातला कप बशीत जरा जोरातच टेकला. ती स्वतः येऊन अर्धा तास झाला होता. अस्तर आली का, असं कोणी एकदाही विचारलं नव्हतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत चौदा माणसं जमली होती. नऊ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या 'शिवणकट्टा' या संकेतस्थळावरची ही जुनी मंडळी. एकमेकांना टोपणनावांनी ओळखायची, तोंडं मात्र आजच पाहत होती. शिवणवर्गातून निवृत्त झालेल्या मास्तरांनी एकेकाला शोधून गोळा केलं होतं.

अस्तर कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. दिवसभर उसवलेल्या शिवणी आणि बिघडलेल्या चेनी. कट्ट्यावरही तिच्या वाट्याला तसलंच काम आलं होतं: जाहिराती काढून टाकायच्या, भांडणं मिटवायची, शिवराळ प्रतिसाद उडवायचे. आठ वर्षं तिने ते इमानेइतबारे केलं. बाहीच्या मापांवर पंधरा दिवस खपून तिने चर्चेचा एक धागा काढला, त्याला प्रतिसाद आले चार. टाचणीने सुई हरवल्याची गंमत पाच ओळींत लिहिली, तर दोनशे.

"अगं, अस्तर कधी बाहेरून दिसतं का?" नवरा तेव्हा म्हणाला होता. "नावच तसं घेतलंस!" तो हसला होता. ती नव्हती हसली.

दार उघडलं. करड्या कोटातली एक चांगली धिप्पाड बाई आत आली.

"टाचणी म्हटल्यावर काडीसारखी बाई येईल वाटलं असेल. फसलात!"

खोली हसण्याने भरून गेली. मास्तरांनी पुढे होऊन तिचा कोट उतरवून घेतला, आणि तिचा उजवा हात नुसता लोंबतोय हे सगळ्यांना दिसलं.

"अगं, हे कधी?" मास्तर चाचरले. "आणि तू न सांगतासवरता गेलीस तरी कुठे?"

"न सांगता?" टाचणी खुर्चीत टेकली. "सगळं कट्ट्यावर लिहिलं होतं की. अर्धांगाचा झटका आला, हात गेला, आता सुई धरता येणार नाही. पण फोन करा, निदान गप्पा मारू. खाली नंबरही दिला होता. महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपले. मग म्हटलं, शिवता येत नाही तर ह्यांना आपला काय उपयोग?"

"आम्ही असं काही वाचलंच नाही गं!"

"कसल्या तरी बिघाडात गेलं असेल."

माना हलल्या. अस्तरला मात्र ती दुपार लख्ख आठवत होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. टाचणीचा धागा येऊन तीन मिनिटंही झाली नव्हती. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि उडवला. मग इस्त्री करताना कितीतरी दिवसांनी ती गुणगुणली होती.

आता हे कोणाला कळणार होतं? गप्प बसलं की झालं.

तेवढ्यात मास्तर एकेकाचं नाव सांगू लागले आणि टाचणी तिच्याकडे वळली. "तू अस्तर ना? बाहीवरचा तुझा धागा मी छापून भिंतीला लावला होता. अजून आहे."

अस्तरने कप बाजूला सारला.

"तुझा तो धागा मी उडवला," ती म्हणाली.



"नंबर होता म्हणून असेल," मास्तर घाईघाईने म्हणाले. "तसा नियमच होता आपला."

"नंबर तेवढा काढता आला असता, मास्तर. सगळे हिचंच नाव घ्यायचे. मला बघवत नव्हतं."

टाचणीने विचारलं, "वाचला होतास?"

"पूर्ण."

"बरं." एवढंच बोलून तिने डाव्या हाताने चहा मागितला.

मग सगळे टाचणीभोवती कोंडाळं करून बसले. कोणी तिच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी डोळे पुसले. अस्तर टेबलाच्या टोकाला एकटी उरली. एवढं होऊनही सगळे हिच्याच भोवती, हे तिच्या मनात आलंच. आल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली.

निघताना टाचणी कोटाशी झटापट करत होती. अस्तरने न विचारता कोट धरला. टाचणी क्षणभर थांबली, मग पाठमोरी झाली आणि तिने निर्जीव हात बाहीत सरकवू दिला. बाहीची कड उलटली तशी आतली तुरपाई दिसली. टाके उलट्या अंगाला कललेले होते. डाव्या हाताचे.

"कोणी केलंय हे?"

"मी. दोन वर्षं लागली शिकायला."

टाचणी पायऱ्या उतरून गेली. अस्तर दारातच उभी राहिली. तीस वर्षांच्या सवयीने तिच्या नजरेने ते टाके मोजून घेतले होते. एकही लहानमोठा नव्हता. तिच्या उजव्या हातालाही इतके सारखे टाके कधी जमले नव्हते.