शेपटीची गाठ

कंपनीत तिला सगळे थोरली म्हणत, कारण एके काळी तिची धाकटी बहीणही तिथेच कामाला होती. दोघी मिळून गुलाबाची कलमं बांधत. दोन वर्षांपूर्वी धाकटी जास्त चांगलं काम मिळालं म्हणून निघून गेली. कुठे, ते तिने धड सांगितलं नाही. दर महिन्याला तिच्या नंबरावरून एक निरोप तेवढा येई : ‘मी खुशीत आहे. जेवण वेळेवर मिळतं. काळजी नसावी.’ फोन केला तर कुणी उचलत नसे. आई म्हणायची, खुशीत आहे ना, मग झालं. थोरलीला ते ‘नसावी’ खटकायचं. धाकटीने जन्मात कुणाशी इतकं सभ्य बोलून दाखवलं नव्हतं.

कंपनीचं काम लोकांच्या बागा लावून देण्याचं. पूर्वी कलमं तिथेच बांधत, आता रोपं बाहेरच्या नर्सऱ्यांमधून येत. मग वरून नियम आला : जिथून रोपं घेतो, तिथे कुणाला बळजबरीने राबवत नाहीत ना, कुणाची कागदपत्रं काढून घेतलेली नाहीत ना, बाहेरून कडी लावत नाहीत ना, हे बघायचं. थोरलीला काम ठाऊक, म्हणून ते तिच्याच गळ्यात पडलं. आणि पहिल्या वर्षी या शहाणीने काय केलं, तर सगळ्यात मोठ्या नर्सरीचा अर्ज खुर्चीत बसून, फोनवर विचारून भरला. रोपं इतकी देखणी येतात, तर माणसंही धड ठेवली असणार, असं तिचं गणित. टेबल मिळालं की भल्याभल्यांचे डोळे कागदापुरते उरतात. तिचेही उरले.

यंदा मात्र स्वतः जाऊन बघायची सक्ती झाली. सकाळी अकरा वाजता ती त्या नर्सरीच्या फाटकाशी उतरली. न कळवता आली होती, तरी मुकादम हसत सामोरा आला, जणू तिचीच वाट बघत होता.

आत विलक्षण शांतता होती. वाटा झाडलेल्या, पडलेलं एक पान नाही. लांबलचक टेबलाशी आठ बायका कलमं बांधत होत्या. भिंतीवर आठ खिळे, त्यांना आठ पेले. जिथे बायका कामाला बसतात तिथे जिभेला सुट्टी नसते, हे थोरली वीस वर्षं ऐकत आली होती. इथे कलमावर गुंडाळायची पट्टी ताणल्याचा आवाज तेवढा येत होता.

तिने एकेकीला विचारायला सुरुवात केली. पहिली म्हणाली, मी खुशीत आहे, जेवण वेळेवर मिळतं. थोरलीने अर्जावर खूण केली. दुसरी तेच म्हणाली, त्याच शब्दापाशी थांबून, थोरलीच्या खांद्यावरून पलीकडे बघत. तिसरीने तेवढं म्हटलं आणि शेवटी जोडलं, “काळजी नसावी.”

योगायोग असेल, असं थोरलीने स्वतःला समजावलं आणि नजर दुसरीकडे वळवावी म्हणून समोरच्या ट्रेमधलं एक कलम उचललं.

कलमाची जखम भरली की पट्टी काढून मगच रोप बाहेर पाठवतात. त्यामुळे कंपनीत येणारं रोप कुणी बांधलं, हे कधीच कळत नाही. इथे पट्ट्या अजून अंगावर होत्या. आणि गाठ म्हणजे हस्ताक्षर. कुणी तीन वेढे घेते, कुणी चार, कुणी टोक खाली दाबते. थोरली ट्रेमागून ट्रे बघत गेली. समोर आठ जणी होत्या, पण गाठी चौदा हातांच्या होत्या. बाकीच्या बायका कुठे आहेत, असं तिने विचारलं. मुकादम म्हणाला, गेल्या आठवड्यापासून सुट्टीवर आहेत. पण गुलाबाचा काप तासाभरात तपकिरी पडतो, आणि हे काप अजून ओले होते. मुकादमाने जादा पेले लपवले, बायका लपवल्या. गाठी लपवाव्यात हे त्याला सुचलं नाही, कारण त्याच्या लेखी गाठ म्हणजे नुसती गाठ.

शेवटच्या ट्रेमध्ये तिला डावखुरी गाठ दिसली. उलटे वेढे, आणि बोटभर शेपटी मोकळी सोडलेली. या शेपटीवरून थोरली बहिणीला रोज ओरडायची, पट्टी फुकट घालवतेस म्हणून.

ट्रेच्या मागेच धुक्याची खोली होती. नवी कलमं ओलाव्यात राहावीत म्हणून तिथे दिवसभर पाण्याचा फवारा चालू असतो. भिंती पांढऱ्या प्लास्टिकच्या, दार लोखंडी, दाराला कुलूप.

“बुरशी लागलीये ताई,” मुकादम म्हणाला. “औषध मारलंय. तीन दिवस आत कुणी जायचं नाही.”

तेवढ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, आतल्या बाजूने एक बोट प्लास्टिकवरून फिरलं. वाफ पुसली जाऊन एक छोटा गोल उमटला. त्यात काही दिसलं नाही. आतून खोकण्याचाही आवाज आला नाही. मग गोल हळूहळू पुन्हा पांढरा झाला.

थोरलीने पाठ फिरवली. तिला धावत जाऊन ते दार ओरबाडावंसं वाटत होतं, पण एकटीने दंगा केला तर मागच्या दाराने सहा जणी कुठे नाहीशा होतील, हे तिला कळत होतं. तिने कपाळाला आठ्या घालून सांगितलं की या चष्म्याने बारीक अक्षर दिसत नाही, गाडीतून दुसरा चष्मा मागवा. मुकादमाने लगेच माणूस पाठवला. दुसरा चष्मा नव्हताच. तो मागितला की कामगार कार्यालयाला फोन करायचा, एवढं ड्रायव्हरशी ठरलं होतं. ड्रायव्हरने निरोप दिला, चष्मा घरी राहिलाय, आणायला जातो.

पुढचा तासभर तिने मुकादमाला खताबद्दल विचारलं, पाण्याबद्दल विचारलं, नको ते सगळं विचारलं. मागे फवारा सुरू होता. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

अधिकारी आले, कुलूप तोडलं गेलं. सहा बायका भिजलेल्या अंगाने, कुणी न सांगता एका ओळीत बाहेर आल्या. चौथी धाकटी होती. केस कापलेले, बोटं पाण्याने सुरकुतलेली. मुकादम अजून समोर उभा होता.

थोरलीने तिचे दोन्ही हात धरले. धाकटीने तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

“मी खुशीत आहे,” ती म्हणाली. “जेवण वेळेवर मिळतं. काळजी नसावी.”

थोरलीला रडू फुटलं. मागच्या वर्षीच्या अर्जावर हेच उत्तर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, फोनवरून, एका बाईने सांगितलेलं. आवाज तिला ओळखू आला नव्हता. यादीतला कुठलाच प्रश्न आता तिच्या तोंडातून निघेना. मग तिने शेवटच्या ट्रेमधलं ते शेपटीचं कलम उचलून धाकटीच्या तळहातावर ठेवलं आणि जुन्याच रागाने विचारलं, “ही शेपटी कशाला सोडतेस गं?”

धाकटीने गाठीची शेपटी चिमटीत धरली.

“ओढली की सुटते,” ती म्हणाली. “सालीला चाकू लागत नाही. किती वेळा सांगायचं तुला, अक्का?”