शेपटाच्या बुडाशी

डॉक्टरांनी हातातलं यंत्र बिबट्याच्या मानेवरून हळूच फिरवलं. वाजलं नाही.

बेशुद्ध जनावर पिंजऱ्याबाहेर ताडपत्रीवर आडवं पडलं होतं, जीभ बाहेर, डोळे उघडे. येडगावचं निम्मं गाव उसाच्या बांधावर जमलं होतं. सगळ्यांत पुढं सारजाबाई. पदर दातांत धरून ती त्या यंत्राकडं बघत होती.

शेजारचा गेणभाऊ पाव्हण्याला समजावत होता, "आधी धरलेला आसंल तर अंगात चिप आसती. तांदळायेवढी. वाजली की जन्माचा पिंजऱ्यात."

"आन् न्हाई वाजली तर?"

"मंग चिप टोचायची आन् रानात सोडायचा. आपल्याला काय, हितनं गेला म्हंजी झालं."

सकाळी डॉक्टरांची जीप अडवून सारजाबाईनंच आरोळी ठोकली होती, "लांब सोडा त्याला! भीमाशंकराच्या अंगाला सोडा!" मागून सगळं गाव ओरडलं. लांब म्हणजे कुठं, तिथं कोण राहतं, एकानंही विचारलं नाही. दुसऱ्याचं लेकरू म्हणजे गावाच्या लेखी माळावरचा धोंडा. डॉक्टर म्हणाले, "बरं, उंबरवाडीच्या वरच्या रानात नेतो." तिथंच सारजाबाईचं तोंड मिटलं. उंबरवाडीत तिची लेक अक्षदा नांदत होती. रानाला लागून शेवटचं घर, दाराला नुसती कुडाची ताटी, आणि ओट्यावर झोळीत तान्हं पोर.

"गेणभाऊ," ती कुजबुजली, "दुसरीकडं न्या म्हणावं."

"आता? सकाळी तूच बोंबलत व्हतीस की! गप ऱ्हा. सायबाचं डोकं फिरलं तर हितंच सोडंल."

यंत्र खांद्यावर आलं. गप्प. पाठीवर गेलं. गप्प.

"सायेब, नीट बघा." सारजाबाई पुढं सरकली. "अंगात सरकत आसंल ती."

"सरकते कधी कधी, मावशी. म्हणून तर सगळं अंग बघतोय. टोचतात शेपटाच्या बुडाशी."

"मंग तितं बघा की!"

"लई घाई डागदरीणबाईला," कुणीतरी बोललं. लोक हसले.

यंत्र शेपटाशी आलं. उजवीकडून फिरलं, डावीकडून फिरलं. बिबट्याचा कान हलला. गर्दी चार पावलं मागं पळाली. सारजाबाई जागची हलली नाही. ती मटकन खाली बसली. डोळे गच्च मिटले, कपाळ गुडघ्यांवर टेकलं.

बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. मग कसलीशी खुडबूड. आणि मग यंत्र वाजलं. बारीक, स्वच्छ.

"वाजलं!" ती धडपडत उठली. "वाजलं, सायेब! पिंजऱ्यातच ठिवा आता त्याला!"

डॉक्टरांच्या डाव्या हातात रिकामी सुई होती.

"आत्ताच टोचली ना मी, मावशी. नीट बसली का, ते बघितलं."

चौघांनी जनावर उचलून पिंजऱ्यात सरकवलं, पिंजरा टेम्पोत चढवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेणभाऊनं डॉक्टरांना नारळ दिला.

टेम्पो सुरू झाला, तशी सारजाबाई मागच्या फाळक्याला जाऊन लोंबकळली.

"अगं ए, चाललीस कुठं?"

"उंबरवाडीला."

"वाघासंगं?" गेणभाऊ हसला. "भ्या न्हाई वाटत?"

तिनं चपला आत फेकल्या आणि चाकावर पाय दिला.